आम्ही तर काही बोललोच नाही

पोस्ट लांब आहे, आधीच सांगतो. ज्यांना घाई आहे त्यांनी सेव्ह करून ठेवा, रात्री वाचा.

मागच्या महिन्यात आमच्या तालुक्याच्या गावी एका युवा महोत्सवाचं बक्षीस वितरण होतं. मी नेहमीप्रमाणे पहिल्या रांगेच्या कडेला, वही मांडीवर. आदल्या दिवशीच्या फेरीत कॉलेजच्या पाच मुलींनी एक नाच केला होता. गाणं नव्हतं. साउंडवर फक्त विहिरीवरच्या मोटारीचा आवाज, तोही मध्येच बंद पडणारा. प्रत्येकीच्या हातात एक रिकामा हंडा. रांग लागते, रांग मोडते, एक दुसरीला कोपराने मागे सारते, मोटार बंद पडते, पुन्हा सुरू होते. शेवटी पाचही जणी हंडे उपडे करून त्यावर बसतात आणि आपल्याकडे बघत राहतात. इतका वेळ, की सभागृहात खोकल्याचे आवाज सुरू झाले. परीक्षकांनी त्या नाचाला पहिला नंबर दिला.

पहिल्या नंबरचा नाच बक्षीस वितरणाच्या दिवशी पाहुण्यांसमोर पुन्हा होतो, अशी आमच्याकडे पद्धत आहे. या वेळी दुसऱ्या नंबरची लावणी झाली. पडद्यामागची गोष्ट अशी की पाहुण्यांच्या माणसाने सकाळी आयोजकांना विचारलं, "हे कुणावर आहे?" आयोजक म्हणाले, "कुणावर नाही, पाण्यावर आहे." तो म्हणाला, "मग पाण्यावर कशाला?" संपलं. मुलींना स्टेजवर बोलावून ढाल दिली, फोटो काढला, वेळेअभावी सादरीकरण होणार नाही असं माइकवरून सांगितलं.

बाहेर चपला घालताना त्यातली एक मला म्हणाली, "सर, आम्ही तर काही बोललोच नाही."

मी त्या रात्री चार ओळींची बातमी दिली. 'विविधगुणदर्शनाने रसिक मंत्रमुग्ध.' लावणीचा उल्लेख केला, हंड्यांचा नाही. त्याच अंकात पाहुण्यांच्या वाढदिवसाची पाव पान जाहिरात होती आणि ती मीच आणलेली होती. तालुका पातळीवर पत्रकारिता करणाऱ्यांना यात काही नवीन वाटणार नाही. पण तिचं ते वाक्य काही डोक्यातून जाईना. म्हणून गेले तीन आठवडे रात्री बसून जे वाचलं आणि पाहिलं, ते इथे लिहितोय. मी नृत्यातला जाणकार नाही. चुकलो तर जाणकारांनी कमेंटमध्ये कान धरावा.

पहिली गोष्ट घरचीच. न बोलता केलेलं चालतं, हा त्या मुलीचा समज आपल्या कायद्यानेच खोटा ठरवलेला आहे. इंग्रजांनी १८७६ मध्ये नाट्यप्रयोगांवर नियंत्रण ठेवणारा कायदा केला. सरकारविरुद्ध अप्रीती निर्माण करणारे प्रयोग थांबवण्याचा अधिकार त्यात होता, आणि त्यात नाटकाच्या शेजारीच मूकनाट्याचाही स्पष्ट उल्लेख होता. म्हणजे तोंड बंद ठेवूनही माणूस सरकारला लागेल असं काही करू शकतो, हे कायदा लिहिणाऱ्या साहेबाला दीडशे वर्षांपूर्वी ठाऊक होतं. खाडिलकरांच्या 'कीचकवधा'त कर्झनचं नाव कुठे होतं? तरी १९१० मध्ये नाटकावर बंदी आली, कारण कीचक कोण हे पिटातल्या प्रेक्षकालाही कळत होतं. हा कायदा आपण अगदी अलीकडे, स्वातंत्र्याला सत्तर वर्षं झाल्यावर, पुस्तकातून काढला.

पण कीचकवधात निदान महाभारत होतं. या मुलींच्या नाचात गोष्टही नव्हती. असा नाच आला कुठून?

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला युरोप-अमेरिकेत काही जणांना, खरं तर काही जणींना, बॅलेचा कंटाळा आला. बॅले म्हणजे राजदरबारात वाढलेली कला. पायाच्या अंगठ्यावर उभं राहायचं, जमिनीला जणू स्पर्शच नको, चेहऱ्यावर कष्ट दिसता कामा नयेत. इसाडोरा डंकन नावाच्या अमेरिकन बाईने बूट काढून टाकले आणि अनवाणी नाचली. जर्मनीत याचं पुढे मोठं झाड झालं. त्या नाचाला तिथे जे नाव पडलं त्याचा सरळ अर्थ 'अभिव्यक्तीचा नाच'. आतलं बाहेर काढायचा नाच.

इथे एक फरक लक्षात घ्या, कारण पुढची सगळी भानगड त्यातून येते. आपल्या भरतनाट्यममध्ये किंवा कथकमध्ये हाताच्या मुद्रांना अर्थ आहेत. पताका, मयूर, कर्तरीमुख. शब्दकोशच म्हणा ना. नाचणाऱ्याला आणि बघणाऱ्याला दोघांनाही तो माहीत असतो, किंवा असावा अशी अपेक्षा असते. या नव्या नाचाने शब्दकोशच ठेवला नाही. हात वर गेला तर तो प्रार्थनेचा, शरणागतीचा की मारायला उगारलेला, ते त्या क्षणी त्या शरीरावर ठरणार. आणि उरलेलं बघणारा ठरवणार. ज्याच्या मनात जे आहे ते त्याला दिसणार. आमच्या पाहुण्यांच्या माणसाला काय दिसलं ते आपण पाहिलंच.

या जर्मन नाचाची तीन माणसं आहेत. गुरू रुडॉल्फ लाबान, जन्म १८७९, आजच्या ब्रातिस्लाव्हाचा. त्याची शिष्या मेरी विगमन, जन्म १८८६. आणि धाकटा शिष्य कुर्ट योस, जन्म १९०१.

लाबानला वेड होतं हालचालीचं. स्वित्झर्लंडमध्ये आस्कोनाजवळ एका टेकडीवर शहर सोडून आलेल्या मंडळींची वसाहत होती, तिथे पहिल्या महायुद्धाच्या आधी तो उन्हाळी वर्ग घ्यायचा. विगमन त्याला तिथेच १९१३ मध्ये भेटली. पुढे त्याने दोन मोठी कामं केली. एक म्हणजे सामान्य माणसांचे नृत्यसमूह. कामगार, कारकून, शाळामास्तर, कुणीही. शे-दोनशे लोकांनी एकत्र हालायचं, भजनात टाळकरी एका लयीत डुलतात तसं. दुसरं म्हणजे नाच लिहायची लिपी. संगीताचं जसं स्वरलेखन असतं तशी उभ्या पट्ट्यांची लिपी त्याने १९२८ मध्ये प्रसिद्ध केली. कुठलं अंग, कुठल्या दिशेला, किती वेळ, सगळं कागदावर. या दोन्ही गोष्टी ध्यानात ठेवा.

विगमनने १९२० मध्ये ड्रेसडेनला शाळा काढली. तिच्या 'चेटकिणीचा नाच' या प्रसिद्ध कृतीचा छोटासा तुकडा फिल्मवर शिल्लक आहे, मोबाइलवर सापडतो. मुखवटा घातलेली एक बाई जमिनीवर बसली आहे. गुडघे पंजांनी धरलेले. तालवाद्याचा ठोका पडतो आणि ती बसल्या बसल्याच सरकते, फिरते. सुंदर दिसायचा एका क्षणाचाही प्रयत्न नाही. मला आमच्याकडे देवीच्या वारात अंगात येणाऱ्या बाया आठवल्या. नाचणाऱ्या बाईने सुंदर दिसायला नकार देणं, ही त्या काळात किती मोठी गोष्ट असेल याचा विचार करा. आजही आहे.

आता योस. एसेनच्या शाळेत तो शिकवायचा. जुलै १९३२ मध्ये पॅरिसला नृत्यरचनांची आंतरराष्ट्रीय स्पर्धा झाली, तिथे त्याच्या 'द ग्रीन टेबल' या रचनेला पहिलं बक्षीस मिळालं. ही मी पूर्ण पाहिली. दोनदा. अर्ध्या तासाच्या आसपासची आहे, साथीला फक्त दोन पियानो.

पडदा उघडतो तर लांबलचक हिरवं टेबल. दोन्ही बाजूंना मिळून काळ्या कोटातले दहा सद्गृहस्थ, चेहऱ्यावर म्हाताऱ्याचे मुखवटे, हातात पांढरे हातमोजे. वाटाघाटी चालल्या आहेत. एक टेबलावर वाकतो, समोरचा मागे झुकतो. एक बोट दाखवतो, सगळे नकारार्थी माना हलवतात. मग एकदम नम्रता, वाकून नमस्कार, आधी आपण, छे छे आधी आपण. संगीत म्हणाल तर टँगोचं, म्हणजे प्रेमिकांच्या नाचाचं. आमच्या नगरपरिषदेची सर्वसाधारण सभा ज्याने कव्हर केली आहे त्याला यातलं एकही दृश्य समजावून सांगावं लागणार नाही. मी तर हसायलाच लागलो. आणि मग ते सगळे एका ओळीत उभे राहतात, खिशातून पिस्तुलं काढतात आणि हवेत बार काढतात. अंधार.

पुढच्या दृश्यात मृत्यू एकटाच नाचतो. अर्धा सांगाडा, अर्धा शिपाई. ही भूमिका स्वतः योस करायचा. मग एकेक जण त्याच्या हाती लागतो. झेंडा धरलेला तरुण, निरोप देणारी बायको, निर्वासितांच्या घोळक्यातली म्हातारी आई, सूड घेणारी बाई, वेश्यागृहात लोटलेली पोर. प्रत्येकाला मृत्यू वेगळ्या रीतीने नेतो. कुणाला ओढतो, कुणाला हात देतो, म्हातारीला तर जवळजवळ मायेने उचलतो. या सगळ्यांच्या मधून डर्बी हॅट घातलेला एक नफेखोर फिरत असतो. मेलेल्या सैनिकाच्या बोटातली अंगठी काढतो, पोरीचा सौदा करतो, आणि शेवटी मृत्यू समोर उभा ठाकला तरी सटकतो. पुन्हा अंधार, पुन्हा दिवे, पुन्हा हिरवं टेबल. तेच दहा सद्गृहस्थ. तीच नम्रता.

कुठल्या देशाचं नाव नाही, झेंड्यावर चिन्ह नाही, अर्ध्या तासात एक शब्द नाही. लुबेक शहरातल्या चर्चमध्ये मध्ययुगातलं एक चित्र होतं, मृत्यू राजापासून भिकाऱ्यापर्यंत सगळ्यांचा हात धरून नाचतोय असं. तिथून योसला कल्पना सुचली. म्हणजे म्हटलं तर धार्मिक विषय! हे पॅरिसला झालं जुलै १९३२ मध्ये. सहा-सात महिन्यांनी, ३० जानेवारी १९३३ ला, हिटलर चॅन्सलर झाला.

त्यानंतर या तिघांचं काय झालं, हा माझ्या या पोस्टचा खरा विषय आहे.

योसला सांगण्यात आलं की संचातले ज्यू काढा. 'द ग्रीन टेबल'चं संगीत करणारा फ्रिट्झ कोहेनही ज्यू होता. योस स्वतः ज्यू नव्हता. बक्षीस मिळालेलं, नाव झालेलं, वय बत्तीस. दोन-चार माणसं कमी केली असती तर कदाचित थिएटर, पगार, दौरे सगळं चालू राहिलं असतं. तो नाही म्हणाला. अटक होणार अशी कुणकुण लागली तेव्हा १९३३ च्या उत्तरार्धात सगळा संच घेऊन हॉलंडमध्ये निघून गेला. पुढच्या वर्षी इंग्लंडमध्ये डेव्हन परगण्यात डार्टिंग्टन हॉल इथे त्याला आसरा मिळाला. या डार्टिंग्टनचं नाव आपल्याला पुन्हा लागणार आहे.

लाबान थांबला. बर्लिनच्या सरकारी ऑपेराचा नृत्यप्रमुख तोच होता. १९३३ मध्ये तिथल्या मुलांच्या नृत्यवर्गातून ज्यू मुलं बाहेर काढली गेली, ती त्याच्या अंमलात. पुढे गोबेल्सच्या प्रचार मंत्रालयाने नव्या जर्मन नृत्याची संस्था काढली, तिचीही सूत्रं त्याच्याकडे आली. १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या तोंडावर त्याने एक प्रचंड समूहनृत्य बसवलं. जवळपास हजार माणसं, वेगवेगळ्या ३० शहरांतली. प्रत्येक शहराला नाच पाठवला कागदावर, त्याच्याच लिपीत. गावोगावी तालीम झाली आणि बर्लिनला येऊन सगळे एकत्र जुळले. तंत्र म्हणून थक्क करणारी गोष्ट आहे. जूनमध्ये रंगीत तालमीला गोबेल्स आला. त्याला आवडलं नाही. डायरीत त्याने तसं नोंदवलंय: फारच बौद्धिक, वरवर आमचं दिसतं पण आमचं नाही, अशा अर्थाचं. प्रयोग रद्द. लाबानच्या हातातून एकेक काम गेलं, आणि १९३७ मध्ये तो हलाखीत पॅरिसला पोचला.

हे वाचताना मी दोनदा मागे गेलो. योसचा नाच सरकारला नको होता हे समजतं. पण लाबानचा तर सरकारसाठीच होता ना? हजार माणसं सरकारी सोहळ्यासाठी नाचत होती. तरी गोबेल्सला त्यात काहीतरी 'आमचं नाही' असं दिसलं. मला वाटतं त्याला जे दिसलं ते खरंच तिथे होतं. लाबानच्या समूहात प्रत्येक माणूस आपल्या शरीराने हालत होता, एकमेकांना ऐकत होता. कवायतीत तसं नसतं. कवायतीत एकच शरीर असतं, हजार वेळा छापलेलं. हा फरक मंत्र्याला कळला. लाबानलाच तो कितपत कळला होता कोण जाणे.

विगमनची गोष्ट जास्त अवघड जाते, कारण चेटकीण पाहिल्यापासून ती मला आवडायला लागली होती. तीही थांबली. नव्या राजवटीत शाळा चालू राहिली, शाळेत नवे नियम आले. १९३५ मध्ये तिने जर्मन नृत्यकलेवर पुस्तक लिहिलं, जर्मनपणाचा सूर लावून. १ ऑगस्ट १९३६ ला ऑलिंपिकच्या उद्घाटनाच्या रात्री स्टेडियममध्ये जो भव्य खेळ झाला, त्यात वीरमरण आलेल्यांसाठीचा शोकनृत्याचा भाग तिने केला, सुमारे ८० नर्तकींना घेऊन. त्याच रात्री तिची जुनी शिष्या ग्रेट पालुक्काही नाचली. पालुक्का राजवटीच्या हिशेबाने अर्धी ज्यू होती. उपयोगाची होती तोवर चालली, तीन वर्षांनी तिची शाळा बंद केली. विगमनलाही हळूहळू बाजूला सारलं गेलं आणि १९४२ मध्ये ड्रेसडेनची शाळा हातातून गेली. युद्धानंतर तिने पुन्हा शिकवलं, ती १९७३ पर्यंत जगली.

तिला सोपा शिक्का मारायला हात धजत नाही. शाळेचं भाडं, शिक्षकांचे पगार, विद्यार्थिनी, वीस वर्षं उभं केलेलं काम. सोडून कुठे जायचं, आणि शरीर सोडून न्यायचं तरी काय? पण योसलाही हेच प्रश्न होते. त्याच्या मागे बिऱ्हाड होतं. असो. पाव पान जाहिरातीसाठी हंडे गाळणाऱ्याने यावर फार बोलू नये.

तिकडे न्यूयॉर्कमध्ये मार्था ग्रॅहम होती. तिचं काम याच घराण्यातलं नाही, पण शेजारचं. १९३० चा तिचा 'विलाप' नावाचा एकल नाच पाहा: एक बाई बाकावर बसलेली, जांभळ्या ताणणाऱ्या कापडाच्या नळीत पूर्ण गुंडाळलेली, आणि ती आतून ते कापड ताणते. रडणारी बाई दाखवायची नाही, दुःखाचाच आकार दाखवायचा. १९३६ मध्ये बर्लिनहून तिला ऑलिंपिकच्या नृत्य महोत्सवाचं निमंत्रण गेलं. निमंत्रणामागे प्रचार मंत्रालय होतं आणि लाबानही होता. तिने पत्राने नकार कळवला. आशय असा की इतक्या कलावंतांचा तिथे छळ होतोय, त्यांचा कामाचा हक्क हिरावलाय, माझ्याच संचातल्या काहींचं तिथे स्वागत होणार नाही, तेव्हा मी येऊन नाचणं शक्य नाही. त्याच डिसेंबरमध्ये तिने 'क्रॉनिकल' केलं. नुसत्या बायका. त्यातल्या एका भागात त्या पाठमोऱ्या, उलट्या पावलांनी, निःशब्द रंगमंचावर येतात. बेघर झालेल्यांची, बेकारांची, परागंदा झालेल्यांची रस्त्यावरची चाल. अंगावर काटा येतो.

(ग्रॅहमला देव्हाऱ्यात बसवायला नको. नकार देणं अमेरिकेत बसून सोपं होतं. आणि तीच ग्रॅहम १९५५-५६ मध्ये अमेरिकी परराष्ट्र खात्याच्या वतीने आशियाच्या दौऱ्यावर आली, भारतातही नाचून गेली. शीतयुद्धात नाच हेही मुत्सद्देगिरीचं साधन होतं. हिरवं टेबल काही फक्त जर्मनीत नसतं.)

आता डार्टिंग्टन. ही इस्टेट होती लेनर्ड एल्महर्स्ट आणि त्यांची अमेरिकन पत्नी डॉरोथी यांची. एल्महर्स्ट हे शेतीतज्ज्ञ. रवींद्रनाथ टागोरांसोबत श्रीनिकेतनमध्ये ग्रामसुधारणेचं काम करून आलेले. १९३८ मध्ये, कफल्लक आणि आजारी लाबानला कुणी आसरा दिला असेल? त्याच्या शिष्याने. योस त्याला डार्टिंग्टनला घेऊन आला. जो वाकला त्याला जो निघून गेला त्याने घरात घेतलं. आणि तिथेच, युद्ध सुरू व्हायच्या सुमारास, 'द ग्रीन टेबल' कागदावर लिहून ठेवण्यात आलं. लाबानच्या लिपीत. ज्या लिपीने बर्लिनच्या सोहळ्यासाठी ३० शहरांत नाच पोचवला होता, त्याच लिपीने हे टेबल आजवर जिवंत ठेवलंय. जगभरचे संच ते अजून करतात. स्वतः योसला मात्र १९४० मध्ये इंग्रज सरकारने शत्रुराष्ट्राचा नागरिक म्हणून काही महिने स्थानबद्ध केलं. हिटलरपासून पळालेल्या माणसाला! कागदपत्रांना कुठला नाच कळतो?

याच एल्महर्स्टांच्या मदतीने उदय शंकर यांनी १९३० च्या दशकाच्या अखेरीस अल्मोड्याला कला केंद्र उभं केलं. तिथे शिकवायला एक बाई होत्या, झोहरा मुमताज. आपण त्यांना झोहरा सेहगल म्हणून ओळखतो, सिनेमातली ती खट्याळ म्हातारी. रामपूरच्या घरंदाज मुस्लिम कुटुंबातली ही मुलगी १९३० मध्ये थेट ड्रेसडेनला जाऊन तीन वर्षं मेरी विगमनच्या शाळेत शिकली होती. चेटकिणीच्या शाळेत! शिकून बाहेर पडली ते वर्ष १९३३. पुढे अल्मोडा, आणि १९४५ पासून मुंबई, पृथ्वीराज कपूर यांच्या पृथ्वी थिएटर्समध्ये चौदा वर्षं.

अल्मोड्याचाच दुसरा धागा शांती बर्धन. १९४३ मध्ये मुंबईत 'इप्टा' स्थापन झाली, त्याच वर्षी बंगालमध्ये दुष्काळात लाखो माणसं मेली. अंधेरीला इप्टाचं मध्यवर्ती पथक राहायचं, एकत्र स्वयंपाक, एकत्र तालीम. बर्धन नाच बसवायचे, पुढे तरुण रविशंकर संगीताला आले. त्यांच्या 'स्पिरिट ऑफ इंडिया'मध्ये भूक नाचून दाखवली होती. मराठी गडी तेव्हा शब्दांनी लढत होते. अण्णाभाऊ, अमरशेख, गवाणकर यांचं लाल बावटा पथक, डफावरची थाप आणि पोवाडा. ते आपल्याला पाठ आहे, असायलाच हवं. पण त्याच मुंबईत, त्याच चळवळीत, न बोलणारंही एक पथक होतं, हे मला पंचेचाळिशी येईपर्यंत माहीत नव्हतं. बर्धन १९५४ मध्ये क्षयाने गेले, अजून चाळिशीही गाठली नव्हती. त्यांनी मुंबईत काढलेला लिटल बॅले ट्रूप पुढे ग्वाल्हेरला आणि मग भोपाळला गेला.

योस १९४९ मध्ये एसेनला परतला, पुन्हा शिकवू लागला. १९५५ मध्ये तिथे एका खानावळवाल्याची मुलगी शिकायला आली, पिना बाउश. पुढचं बहुतेकांना माहीत आहे.

गेल्या गुरुवारी ती हंडेवाली मुलगी एसटी स्टँडवर भेटली. मी आधी बातमीबद्दल माफी मागितली. ती म्हणाली, "जाऊ द्या ना सर, लावणीवाल्या पण आमच्याच वर्गातल्या आहेत." मग मोबाइलवर तिला टेबलाचं पहिलं दृश्य दाखवलं. इअरफोन नव्हता, स्टँडच्या गोंगाटात पियानो ऐकू येत नव्हता, तरी तिने मान वर केली नाही. पिस्तुलांचे बार झाल्यावर विचारलं, "यांनी हातात पांढरे मोजे का घातलेत?" मी म्हटलं, तू सांग. ती काही बोलली नाही. मी पुढे सरकवून तो डर्बी हॅटवाला दाखवला, अंगठी काढताना. तेवढ्यात तिची गाडी लागली.

"आमच्यात हा एक राहिला," गाडीत चढता चढता म्हणाली. "रांगेत मध्येच घुसून फोटो काढून जाणारा. पुढच्या वेळी घेतो."